ताम्रपट आणि टोपली

एका टोपलीत पेन ड्राइव्ह ठेवलेला आहे. टोपली अंड्याच्या आकाराची, झाकणाची आणि हिरवीगार. रशियाच्या झारांसाठी फाबर्जे जी रत्नजडित अंडी घडवायचा, त्यांची आठवण करून देणारा घाट. पण इथे रत्नं नाहीत. ब्लॅक अ‍ॅश नावाच्या झाडाच्या पट्ट्या आहेत, स्वीटग्रास नावाचं सुवासिक गवत आहे आणि तांबं आहे. पेन ड्राइव्हच्या सोबतीला एक काचेची कुपी आहे आणि कुपीत एक किडा. केली चर्च या अमेरिकन कलावतीचं हे २०१८ सालचं काम. नाव ‘सस्टेनिंग ट्रॅडिशन्स – डिजिटल मेमरीज’. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या संग्रहात ते आहे.

मी ते फोनवरच पाहिलंय, आणि तुम्हीही बहुधा तसंच पाहाल. त्यात काय हरवतं ते आधी मान्य करू: गवताचा वास, पट्टीची धार, झाकण बसताना होणारा आवाज. तरीही गेले काही महिने हे काम माझ्या डोक्यातून जात नाही. धातू आणि टोपली एकत्र आणून ‘वारसा’ आणि ‘स्मृती’ यांविषयी काही म्हणू पाहणारी कामं सध्या पुष्कळ दिसतात, आपल्याकडेही दिसतात. त्यातली बरीचशी नुसती देखणी असतात. चर्चच्या अंड्यात तसं का होत नाही, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी झाड. ब्लॅक अ‍ॅश दलदलीच्या, ओल्या जमिनीत वाढतो. ग्रेट लेक्सच्या परिसरातले आनिशिनाबे लोक पिढ्यान् पिढ्या त्याच्या टोपल्या विणत आले आहेत, आणि चर्च त्यांच्यापैकीच एक. या टोपल्यांची गंमत विणण्याच्या आधीच सुरू होते. झाड तोडायचं, साल काढायची आणि ओंडका कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ठोकत राहायचं. ठोके बसत गेले की दोन वर्षांच्या वाढीमधला मऊ थर चुरडतो आणि एकेका वर्षाचं लाकूड पट्टीसारखं सुटून येतं. जोमाच्या वर्षाची पट्टी जाड, हलाखीच्या वर्षाची पातळ. मग ती आणखी सोलायची, तासायची, कापायची. म्हणजे टोपलीत जे आडवं-उभं गुंफलेलं असतं, ती अक्षरशः त्या झाडाची वर्षं असतात. अशा वस्तूला ‘स्मृतीचं रूपक’ वगैरे म्हणायची गरजच उरत नाही.

हे वाचताना मला पुण्यातली तांबट आळी आठवली. तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका शेजारी शेजारी देत जाणं, ज्याला मठारकाम म्हणतात, त्यात पत्रा ठोक्यांनी कडक होतो आणि त्यावर प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी पडतो. धातूकाम आणि टोपलीकाम ही दोन टोकं आहेत, एक आगीचं आणि एक गवताचं, असं आपण सहज धरून चालतो. पण अ‍ॅशची टोपली ठोक्यांनीच सुरू होते. आणि सोनाराची तार पोलादी पट्टीच्या बारीक बारीक भोकांतून ओढून काढलेली असते. तिच्यापाशी सोनार बसतो तेव्हा त्याच्या हातात धागाच असतो. हातांच्या पातळीवर ही दोन्ही कामं शेजारी आहेत. त्यांना दूर आपण ठेवलं आहे. एकाला दागिन्यांच्या दुकानात, दुसऱ्याला रस्त्याच्या कडेला.

आता किडा. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा मूळचा पूर्व आशियातला. अमेरिकेत तो २००२ मध्ये मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ सापडला. प्रौढ किडा दिसायला सुरेख, धातूसारखा चमकणारा हिरवा, आणि पंख उघडले की खाली तांबूस पाठ. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करत जातात आणि झाडाला पाणी, अन्न नेणारा थर तोडून टाकतात. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मेली. आता त्या अंड्याचा हिरवा रंग पुन्हा पाहा. त्यातलं तांबं पाहा. मला तरी ती टोपली मारेकऱ्याचा पोशाख घालून बसलेली दिसते. ज्याने झाड खाल्लं त्याच्या रंगात झाडाचीच टोपली विणायची, आणि वर तिला राजघराण्याच्या भेटवस्तूचा आकार द्यायचा. यात राग आहे, आणि तो ओरडत नाही म्हणून जास्त लागतो.

पेन ड्राइव्हमध्ये ब्लॅक अ‍ॅशविषयीचं शिकवणं साठवलेलं आहे. झाडं संपली आणि मधली एखादी पिढी हे काम न करताच गेली, तर पुढच्यांना कुठून तरी सुरुवात करता यावी म्हणून. कल्पना भावणारी आहे, पण माझं मन तिथे अडखळतं. पेन ड्राइव्ह ही त्या अंड्यातली सर्वात कच्ची वस्तू आहे. जपून ठेवलेली अ‍ॅशची टोपली शंभर वर्षं टिकू शकते. पेन ड्राइव्हमधला डेटा वीज न लावता पडून राहिला तर काही वर्षांत खराब होऊ शकतो, आणि तो घुसवायला भोक असलेला लॅपटॉप तोवर मिळाला तर नशीब. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात कॉलेजच्या फोटोंची न उघडणारी सीडी पडून आहे? मग चर्चला हे ठाऊक नसेल का? मला वाटतं, पक्कं ठाऊक आहे. टोपलीने डेटाला सांभाळायचं की डेटाने टोपलीला, हा पेच तिने मुद्दाम सोडवलेला नाही.

इथे मराठीतला एक शब्द मदतीला येतो. ताम्रपट. राजाने जमीन दिली, हक्क दिला, की तो तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचा, कारण भूर्जपत्र कुजतं, माणूस मरतो, तांबं राहतं. कुणी सत्तेत फार दिवस बसला की आपण आजही विचारतो, ‘याने काय ताम्रपट आणलाय का?’ धातू म्हणजे कायमचं, धातू म्हणजे पुरावा, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. आणि टोपली? भाषेत तिची सर्वात जास्त गाठ पडते ती ‘केराची टोपली दाखवली’ या शब्दांत. टोपली वापरायची, फाटली की चुलीत घालायची आणि नवी आणायची. तिचं टिकणं एका टोपलीच्या टिकण्यात नसतंच. ते पुढची टोपली विणणारं कुणी तरी आहे यात असतं. ताम्रपटाला वाचणारा मिळाला नाही तरी तो जमिनीखाली हजार वर्षं शाबूत राहतो. टोपलीची स्मृती एक पिढी थांबली की संपली.

धातू आणि टोपली एकत्र आणणाऱ्या कामांकडे पाहताना मी आता हाच एक प्रश्न विचारते: इथे धातू ताम्रपट व्हायला आला आहे, की विणायला?

रूथ असावाचं काम हे या प्रश्नाचं सर्वात सुंदर उत्तर आहे. तिचा जन्म १९२६ चा, कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकचा. आईवडील जपानहून आलेले, शेती करणारे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच लोकांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा ती शाळेत होती. आधी सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यात. मग आर्कान्सामधल्या रोअर छावणीत. पुढे शिक्षिका व्हायचं होतं, पण जपानी म्हणून वर्गात शिकवण्याचा सराव करू दिला नाही आणि पदवी अडली. ती ब्लॅक माउंटन कॉलेजात गेली. आणि १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या तोलुका इथे तिने स्थानिक लोकांकडून तारेची टोपली विणायला शिकून घेतलं.

कसली टोपली? अंडी ठेवायची. आपल्याकडे किराणा दुकानात टांगलेली असते ना तारेची जाळीदार टोपली, तिचीच मेक्सिकन बहीण. तारेचा एक फास, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. डाग नाही, झाळकाम नाही, हातोडा नाही. या एवढ्याशा युक्तीवर असावाने पुढे आयुष्यभर काम केलं. छताला टांगलेले, पितळेच्या, तांब्याच्या, लोखंडाच्या तारेचे लांबलचक आकार. भोपळ्यात भोपळा, थेंबात थेंब. आतली बाजू फुगत फुगत बाहेरची होते आणि कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. भिंतीवर त्यांच्या सावल्या पडतात. धातू असूनही त्याला वजन जाणवत नाही, आणि टोपली असूनही त्यात काही ठेवता येत नाही.

असावावर लिहिणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. तार म्हटलं की छावणीचं काटेरी कुंपण. मलाही पहिल्यांदा तेच सुचलं. पण फोटो मोठे करून फास बघत गेले तसं ते वाचन मला आळशी वाटायला लागलं. काटेरी तार दोन जागा तोडते. असावाची तार आत आणि बाहेर यांतला फरकच राहू देत नाही. शिवाय या आकारांचं दुसरं एक मूळ तिने स्वतः सांगितलं होतं: लहानपणी शेतात घोड्यामागच्या अवजारावर बसून पाय खाली सोडायचे, आणि जाता जाता मातीत पायांनी नागमोडी रेघा काढायच्या. वळणदार, फुगीर, पुन्हा निमुळत्या. छावणीचा तिला विसर पडला नव्हता. सान होजे शहरातलं त्या बंदिवासाचं स्मारक तिने १९९४ मध्ये ब्राँझमध्ये केलं. ते काम वेगळं आहे, त्यात प्रसंग आहेत, माणसं आहेत, पुरावा आहे. तो तिचा ताम्रपट. तारेच्या कामांत मात्र तिने शेतातली पोर ठेवली. एकाच कलावतीने दोन स्मृतींसाठी धातूच्या दोन रीती निवडल्या, आणि आपण दोन्हींवर एकच कथा चिकटवायची, हे मला पटत नाही.

पन्नाशीच्या दशकात तिच्या कामाला ‘बायकी’, ‘घरगुती’ म्हणून बाजूला सारणारे समीक्षक होते. सहा मुलं वाढवत, घरातच बसून ती विणायची. इमोजेन कनिंगहॅमच्या फोटोत ती आणि आजूबाजूला पोरं दिसतात. आज तीच गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. २०२० मध्ये तिच्या शिल्पांची टपाल तिकिटं निघाली, २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं सिंहावलोकन प्रदर्शन भरलं. सगळं योग्यच. पण प्रत्येक लेखात एक वाक्य येतं, ‘मेक्सिकोतल्या कारागिरांकडून तिने हे तंत्र शिकलं’, आणि लेख पुढे जातो. त्या शिकवणाऱ्यांचं पुढे काय झालं, त्यांच्या टोपल्या कुठे गेल्या, याला अर्धं वाक्यही मिळत नाही. असावाने हे ऋण लपवलं नाही, दोष तिचा नाही. दोष आपल्या वाचण्याच्या सवयीचा आहे. एकाच फासाचं अंडी ठेवली तर भांडं होतं, रिकामा ठेवला तर शिल्प, आणि नाव फक्त दुसऱ्याला मिळतं.

याच वाटेवर मेरी ली हू आहे. तिचं काम असावापेक्षा लहान आणि सोनारकीच्या जास्त जवळ: सोन्याची बारीक तार टोपलीच्या विणीने गुंफून केलेले गळ्यातले, हातातले दागिने. आर्लीन फिशचं ‘टेक्स्टाइल टेक्निक्स इन मेटल’ हे पुस्तक १९७५ चं. विणकामाच्या युक्त्या धातूत कशा आणायच्या याचा तो जणू पाठच होता, आणि त्या पिढीने हे दार सताड उघडलं. हूच्या दागिन्यांत वीण ही वरून काढलेली नक्षी नसते. ती काढून घेतली तर दागिनाच उरणार नाही. कसब म्हणाल तर थक्क करणारं. तरीही मला तिथे थोडं गुदमरायला होतं. सोनं फार चांगलं वागतं. ते कुजत नाही, तडकत नाही, विणणाऱ्याशी भांडत नाही. टोपलीची जी खरी भीती, की ही जाईल, ती सोन्यात येतच नाही. तिच्या कामात मी विणीची बुद्धी पाहते, विणीची काळजी मात्र मला दिसत नाही. (सोनं विणून गळ्यात घालणाऱ्या कुणाला माझ्या काळजीची गरज नाही, हेही खरं.)

आपल्या घरात येऊ. रोवळी मूळची बांबूची, तांदूळ धुवायची. आता भोकं पाडलेल्या स्टीलच्या भांड्यालाही रोवळीच म्हणतात. बांधकामावरची टोपली गेली, पत्र्याचं घमेलं आलं. आणि पूजेच्या सामानात चांदीची फुलपरडी पाहिली आहे? तिच्या अंगावर बऱ्याचदा विणीचा ठसा असतो: आडव्या-उभ्या पट्ट्या, काठाला वेणी. आत बोट फिरवलं की सपाट पत्रा. धातू इथे टोपलीचा मुखवटा घालतो. मला त्यावर चिडायचं नाही. त्या ठशातही एक आठवण आहेच, आकाराला आपण कुठून आलो ते माहीत असल्यासारखी. बस्तरच्या ढोकरा कामात तर ती फारच देखणी होते. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे शेजारी शेजारी गुंडाळतात, वर मातीचा लेप देतात, मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ ओततात. थंड झाल्यावर पितळेवर दोऱ्यांच्या ओळी राहतात, वेताने गुंडाळल्यासारख्या. गुंडाळणं हातांनी खरोखरच झालेलं असतं, फक्त ज्यावर झालं ते मेण उरत नाही. मीरा मुखर्जी बस्तरला जाऊन हे शिकल्या आणि त्यांच्या मोठ्या ब्राँझ शिल्पांच्या अंगावर ते दोरे तुम्हाला दिसतील.

माझी तक्रार आहे ती हल्लीच्या ‘फ्युजन’ वस्तूंबद्दल. बांबूच्या विणीत तांब्याची तार, मठारलेल्या तांब्याला वेताची कड, खाली कार्डावर ‘लुप्त होत चाललेल्या वारशाला आदरांजली’. वस्तू छान असतात, दिव्याचा उजेड छान पडतो, रील आणखी छान होतं. पण आदरांजली कुणाला? बुरूड आहेत. तांबट आहेत. बुरुडाची अडचण ही नव्हती की त्याला डिझाइन सुचत नव्हतं. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवलं होतं, म्हणजे वनस्पतिशास्त्राने गवत आणि कायद्याने झाड, आणि त्यामुळे तो तोडण्या-नेण्यावर परवान्यांचा काच होता. ती व्याख्या २०१७ मध्ये बदलली. प्लास्टिकचं सूप स्वस्तात आलं. आणि टोपल्या विकणाऱ्याची जात लोक टोपलीआधी विचारत. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्या दिव्यात दिसत नाही. तांब्याची तार तिथे ताम्रपट म्हणून आलेली असते. ज्याच्याकडे दिवा, त्याच्या नावाचा.

म्हणून मी परत चर्चच्या अंड्याकडे जाते. तिथे झाड कशाने मेलं ते आत ठेवलंय, कुपीत, नावानिशी. दिव्यावर ठेवायचं झालं तर आपण काय ठेवू? वाहतूक परवाना? प्लास्टिकच्या सुपाचा तुकडा?

चर्चची मुलगी चेरिश पॅरिश हीसुद्धा विणते. तिची २०१८ चीच एक टोपली गरोदर बाईच्या धडाच्या आकाराची आहे, नाव ‘द नेक्स्ट जनरेशन – कॅरियर्स ऑफ कल्चर’. तिच्यात तांबं नाही, पेन ड्राइव्ह नाही. अ‍ॅश आणि स्वीटग्रास, बस. आईने अंड्यात सूचना भरून ठेवल्या आणि मुलीने कूस विणली. दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहिली की मला आईचं काम जास्त मोठं वाटतं, आणि मुलीचं जास्त निवांत. आईला संपण्याचा हिशोब करावा लागतोय. मुलगी तो हिशोब बाजूला ठेवून पोट गोलाकार कसं आणायचं यात गढलेली आहे.

ओंडके पाण्यात बुडवून ठेवायची टोपलीवाल्यांची जुनी पद्धत आहे, लाकूड ओलं आणि ठोकण्याजोगं राहावं म्हणून. मिशिगनमध्ये टोपली विणणाऱ्यांना सोबत घेऊन अमेरिकी वनखात्याच्या संशोधकांनी ती तपासली. किडीने धरलेले ओंडके काही महिने पाण्याखाली ठेवले तर आतल्या अळ्या मरतात आणि लाकडाच्या पट्ट्या निघतात, असं त्यांना दिसलं. त्यामुळे अ‍ॅश मरणाला टेकला की तो तोडायचा, ओढत पाण्यापर्यंत न्यायचा, दगड ठेवून बुडवायचा. मग वेळ मिळेल तसा बाहेर काढून कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायला बसायचं.